जपानी बेसबॉलची विद्यार्थीदशा

मार्च २०२३ मध्ये मायामीत वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या अंतिम सामन्यात शोहेइ ओतानीने माइक ट्राउटला शेवटचा बळी म्हणून टिपलं आणि जपानने अमेरिकेला ३-२ असं नमवलं. ज्यांनी खेळ शिकवला त्यांनाच हरवायचं, ही जपानची जिद्द तेव्हाची नाही. ती सव्वाशे वर्षांपूर्वी टोकियोतल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात रुजली.

१८७२ साली होरेस विल्सन नावाच्या अमेरिकी शिक्षकाने टोकियोत आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती चेंडू आणि बॅट दिली. पुढे या खेळाचं घर झालं ते 'इचिको', म्हणजे फर्स्ट हायर स्कूल. इंपीरियल युनिव्हर्सिटीत जायची वाट इथूनच जायची. देशभरातली निवडक हुशार मुलं इथे यायची आणि वसतिगृहाचा कारभार १८९० पासून तीच चालवायची.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मेइजी गाकुइन या मिशनरी शाळेविरुद्ध सामना सुरू होता आणि इचिको पिछाडीवर होती. मेइजी गाकुइनमधले अमेरिकी मिशनरी विल्यम इम्ब्री उशिरा आले आणि कुंपण ओलांडून आत शिरले. पोरांच्या लेखी कुंपण ही शाळेची अब्रू होती. त्यांनी इम्ब्रींना मारहाण केली, चेहऱ्यावर जखम झाली. ती मारहाण समर्थनीय नव्हतीच. पण त्या दिवसाच्या नामुष्कीनंतर इचिकोचा सराव पार बदलला. ऊन असो की कडाक्याची थंडी, मैदान सुटत नसे. चेंडू अंगावर आदळला तर 'दुखतंय' म्हणायला बंदी होती. अगदीच असह्य झालं तर 'खाज सुटलीय' एवढं म्हणायची मुभा. मला या एका नियमात तो सगळा काळ दिसतो.

कारण काळच तसा होता. परकीयांशी झालेले विषम करार अजून लागू होते; टोकियोजवळच्या योकोहामा बंदरातल्या परदेशी माणसावर जपानी न्यायालयात खटला चालत नसे. तिथल्या परदेशी अ‍ॅथलेटिक क्लबच्या मैदानावर जपानी माणसाला मज्जाव होता. इचिकोने सामन्याचं आव्हान दिलं की क्लब ते टोलवायचा, आणि अशी वर्षं गेली. अखेर २३ मे १८९६ ला सामना ठरला. इचिकोने तो २९-४ असा जिंकला! परतफेड म्हणून क्लबने ५ जूनला अमेरिकी युद्धनौकांवरचे खेळाडू सोबत घेतले, तरी निकाल ३२-९. तिसरा सामनाही विद्यार्थ्यांचाच. ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मात्र ते १२-१४ असे हरले.

हे घडत होतं तेव्हा इचिकोचा एक माजी विद्यार्थी टोकियोत अंथरुणाला खिळून होता: मासाओका शिकी. 'हायकू' हे नाव रूढ करणारा हाच कवी. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला हायकू ज्यांनी वाचला आहे, त्यांचं या माणसाशी नातं आहेच. विद्यार्थी असताना शिकी कॅचर, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणारा, म्हणून खेळायचा. हातात बॅट घेतलेला, खेळाच्या पोशाखातला त्याचा तरुणपणीचा फोटो आजही पाहायला मिळतो. त्याचं घरचं नाव नोबोरू. 'नो' म्हणजे मैदान आणि 'बोरू' म्हणजे बॉल, असा श्लेष साधून तो ते नाव लिहायचा. गंमत अशी की चुमान कानाए या इचिकोच्याच दुसऱ्या विद्यार्थ्याने १८९४ मध्ये तीच दोन अक्षरं बेसबॉलसाठी स्वतंत्रपणे सुचवली. जपानी चित्राक्षरं एकाहून अधिक प्रकारे वाचता येतात; इथे त्यांचा उच्चार 'याक्यू', आणि जपानी माणूस आजही बेसबॉलला याक्यूच म्हणतो.

क्षय शिकीच्या मणक्यात उतरला होता. मैदान कायमचं सुटलं होतं. तरी १८९६ च्या जुलैमध्ये, इचिकोच्या विजयांची चर्चा ताजी असताना, त्याने 'निप्पोन' या वृत्तपत्रात लेख लिहून हा खेळ वाचकांना नीट समजावून सांगितला आणि इंग्रजी संज्ञांना जपानी प्रतिशब्द दिले. फलंदाजासाठी 'दाशा', धावणाऱ्यासाठी 'सोशा'. १९०२ मध्ये, पस्तिशीही न गाठता, तो गेला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. 'दाशा' आणि 'सोशा' हे शब्द तिथल्या मैदानांवर आजही रोज ऐकू येतात.