तृणधान्यांवरील विषाणू : जनुकीय विविधता व प्रसार

गहू, भात, मका, बार्ली, ओट ही सगळी पिके तृणकुलातील, म्हणजे मुळात गवतेच. त्यामुळे शेतातल्या पिकाला आणि बांधावरच्या रानगवताला पुष्कळदा एकच विषाणू लागतो. बहुवर्षायू गवतात तो वर्षानुवर्षे टिकतो, अनेकदा काहीही लक्षण न दाखवता. पीक मात्र काही महिनेच शेतात असते. म्हणून या विषाणूंचा अभ्यास पिकापासून सुरू केला, तर अर्धी गोष्ट हातून सुटते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे आफ्रिकेतील मक्याचा पट्टेरी रोग. कीटकशास्त्रज्ञ क्लॉड फुलर यांनी १९०१ मध्ये नाताळ वसाहतीतून (आजच्या दक्षिण आफ्रिकेतील एक भाग) त्याचे वर्णन केले आणि पुढे १९२०च्या दशकात एच. एच. स्टोरी यांनी तो तुडतुड्यांमुळे पसरतो हे दाखवले. लागण झालेल्या झाडावर, लागणीआधी उमललेली पाने हिरवीच राहतात. नंतर येणाऱ्या पानांवर बारीक फिकट ठिपके उठतात आणि ते शिरांच्या रेषेत जुळून तुटक पट्टे होतात. खालून वर एकेक पान पाहत गेले की रोग साधारण कधी लागला हे झाडच सांगते.

मका अमेरिकेतून १६व्या शतकात आफ्रिकेत आला. विषाणू मात्र तिथल्या गवतांत आधीपासून होता. त्याचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय मजकूर, हा सुमारे २,७०० न्यूक्लिओटाइडांचे (डीएनएच्या साखळीतील दुव्यांचे) एकपदरी वर्तुळाकार डीएनए आहे. त्याचे ‘ए’ ते ‘के’ असे प्रकार ओळखले गेले असून मक्यावर तीव्र रोग आणतो तो फक्त ‘ए’. जनुकक्रमांच्या तुलनेतून असे दिसते, की गवतांवर राहणाऱ्या दोन प्रकारांच्या डीएनएचे तुकडे जुळून हा ‘ए’ प्रकार तयार झाला. ही घटना १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास घडली असावी, असा अंदाज आहे. मका तेव्हा त्या खंडात काही शतके रुळलेला होता.

विविधता निर्माण होण्याचे मुख्य मार्ग दोन. विषाणूची प्रत निघताना चुका होतात. ज्यांचा जीनोम डीएनएऐवजी आरएनएचा असतो अशा आरएनए विषाणूंत त्या दुरुस्त करणारी यंत्रणा बहुधा नसते, त्यामुळे उत्परिवर्तने झपाट्याने साचतात. दुसरा मार्ग पुनर्संयोजनाचा : एकाच झाडात दोन प्रकार एकत्र आले की त्यांच्या जनुकीय तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. मिश्र लागण झालेले गवत या दृष्टीने फार महत्त्वाचे ठरते, आणि पाहणीत नेमके तेच दुर्लक्षित राहते.

मिश्र लागणीचा आणखी एक परिणाम बार्लीच्या पीतखुजेपणात, म्हणजे पाने पिवळी पडून झाड खुजे राहण्याच्या रोगात, दिसतो. तो आणणारा आरएनए विषाणूंचा गट मावा किडीतून पसरतो आणि त्याचे प्रकार ठरले तेच कोणता मावा कोणाला वाहून नेतो यावरून. विषाणू माव्याच्या शरीरातून फिरून लाळेत उतरतो, पण तिथे वाढत नाही. १९७० मध्ये डब्ल्यू. एफ. रोचो यांनी दाखवले, की एकाच झाडात दोन प्रकार असतील तर एकाचा जीनोम दुसऱ्याच्या प्रथिनकवचात शिरू शकतो. एरवी जो मावा त्याला वाहून नेत नाही, तोही मग त्याला पुढच्या झाडावर पोहोचवतो. जनुकांत काहीच बदललेले नसते, तरी प्रसाराची वाट बदलते.

इतर विषाणूंची वाहने वेगळी. गव्हाचा पट्टेरी केवडा (पानांवर हिरवी-पिवळी नक्षी उमटवणारा विषाणूरोग) सूक्ष्म कोळ्यांमार्फत वाऱ्याबरोबर जातो. बार्लीचा एक केवडा जमिनीतील मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म परजीवीतून, तर दुसरा बियाण्यातून येतो. भाताच्या टुंग्रो रोगात एक आरएनए आणि एक डीएनए असे दोन विषाणू मिळून काम करतात. तीव्र लक्षणे दुसऱ्यामुळे येतात, पण पहिल्याच्या मदतीशिवाय हिरवे तुडतुडे त्याला नेऊ शकत नाहीत. आफ्रिकेतील भाताचा पिवळा ठिपके विषाणू केनियात १९६६ मध्ये प्रथम आढळला. तो भुंगेऱ्यांतून पसरतोच, शिवाय रोपे हाताळताना आणि चरणाऱ्या जनावरांच्या स्पर्शानेही पसरतो.

प्रसार गवताकडून पिकाकडे एवढाच होत नाही. कॅलिफोर्नियात युरोपातून आलेल्या वर्षायू गवतांनी मूळच्या बहुवर्षायू गवतांची जागा घेतली, त्यात पीतखुजेपणाचा हातभार असल्याचे पुरावे आहेत. बाहेरच्या गवतांवर मावा आणि विषाणू दोन्ही वाढतात आणि शेजारच्या मूळ गवतावर लागणीचा भार पडतो. या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन १९५१ मधले, तेही कॅलिफोर्नियातलेच. पण वनस्पतिसंग्रहात दाबून ठेवलेल्या जुन्या गवतांतून संशोधकांनी आरएनए वेगळा केला, तेव्हा १९१७ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यातही हा विषाणू सापडला.