नव्या भाषेला टीका मारते का?

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचं साधन लिहिलं. मोठ्या प्रोग्रॅमचे कोणते तुकडे पुन्हा कंपाइल करायचे, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणायचे, हे त्याला सांगण्यासाठी एक छोटी भाषा होती. त्या भाषेत आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागे. टॅबऐवजी स्पेस दिल्या तर डोळ्यांना काही फरक दिसत नसे, पण मेक अडून बसे. हे चुकलं आहे, हे फेल्डमन यांना थोड्याच आठवड्यांत कळलं. पण तोवर डझनभर सहकारी मेक वापरू लागले होते. त्यांच्या फायली बिघडू नयेत म्हणून फेल्डमन यांनी टॅब तसाच ठेवला. तेव्हापासून जवळजवळ पन्नास वर्षं माणसं त्या न दिसणाऱ्या टॅबला अडखळत आली आहेत.

नव्या प्रोग्रॅमिंग भाषेवर उघड टीका करावी, की आधी तिला रुजू द्यावं, असा वाद निघाला की मला हा टॅब आठवतो. भाषा किती लवकर घट्ट होते, हे त्यातून कळतं. डझनभर माणसं पुरली.

टीकेने भाषा मरते ही भीती मात्र इतिहासाशी फारशी जुळत नाही. निक्लाउस विर्थ यांच्या पास्कलवर १९८१ मध्ये ब्रायन कर्निहॅन यांनी सविस्तर टीका लिहिली. कर्निहॅन यांनी त्या भाषेत खरंच मोठं काम केलं होतं आणि त्यांचे आक्षेप नेमके होते. पास्कलमध्ये ॲरेची, म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या आकड्यांची, लांबी हा तिच्या प्रकाराचाच भाग होता. दहा आकड्यांची ॲरे आणि वीस आकड्यांची ॲरे, हे दोन वेगळे प्रकार. त्यामुळे कितीही आकडे दिले तरी क्रमाने लावून देईल असं एकच फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा, लिहिता येत नसे. यावर उत्तर देणं कठीण होतं. तरीही १९८३ मध्ये टर्बो पास्कल आली आणि छोट्या संगणकांवर पास्कल झपाट्याने पसरली, कारण कोड लिहिणं, कंपाइल करणं आणि चालवून पाहणं एकाच जागी, काही क्षणांत होऊ लागलं. अशा व्यावहारिक पास्कलांनी मूळ भाषेच्या काही उणिवा आपापल्या परीने भरून काढल्या. आपापल्या परीने भरल्या म्हणून त्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, आणि हाही धोका कर्निहॅन यांनी आधीच दाखवला होता. संकेतस्थळं घडवायला वापरल्या जाणाऱ्या पीएचपी या भाषेची कथा याहून टोकाची आहे. तिच्याइतकी बोलणी फार थोड्या भाषांनी खाल्ली असतील, आणि तरी आज असंख्य संकेतस्थळं तिच्यावर चालतात.

मग प्रोग्रॅमर भाषा निवडतात तरी कशावरून? २०१३ मध्ये लिओ मायरोविच आणि एरियल रॅबकिन यांनी दोन लाखांहून अधिक मुक्तस्रोत प्रकल्प आणि हजारो प्रोग्रॅमरांची उत्तरं तपासली. निवडीवर सर्वांत जास्त प्रभाव दिसला तो तयार लायब्रऱ्यांचा (इतरांनी लिहून ठेवलेल्या, हवा तेव्हा वापरता येणाऱ्या कोडचा), आधीपासून असलेल्या कोडचा आणि स्वतःच्या सवयीचा. भाषेची रचना किती नेटकी आहे, हा मुद्दा बराच मागे होता. टीका बहुतेक वेळा रचनेवर होते, म्हणून रुजलेल्या भाषेला ती हलवू शकत नाही.

नवी भाषा इथेच वेगळी पडते. तिच्याकडे लायब्रऱ्या नसतात आणि त्या लिहिणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतात. लायब्रऱ्या नाहीत म्हणून माणसं येत नाहीत, आणि माणसं येत नाहीत म्हणून लायब्रऱ्या होत नाहीत. हे चक्र फिरवू शकणाऱ्या पहिल्या चाळीस-पन्नास जणांपैकी दहा जण कंटाळून निघून गेले, तर भाषेला ते जाणवतं. ते कडक शब्दांमुळे जातात असं मला वाटत नाही. दाखवलेला दोष कोणी वाचलाच नाही, हे लक्षात आलं की ते जातात.

दुसरी नाजूक जागा म्हणजे भाषा घडवणारा माणूस. पायथनसारख्या जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषेतही, एका नव्या चिन्हावरून झालेल्या कडवट वादानंतर जुलै २०१८ मध्ये तिचे कर्ते खिडो फान रॉसम यांनी अंतिम निर्णयाची जबाबदारी सोडली. पायथन तेव्हा सत्तावीस वर्षांची होती, म्हणून तिचा कारभार चालू राहिला. दोन वर्षांच्या भाषेचा एकुलता एक कर्ता असा थकला, तर मागे सांभाळायला सहसा कोणी नसतं. म्हणून दोषावर बोलणं आणि माणसावर बोलणं यांतला फरक नव्या भाषेच्या बाबतीत फार जपावा लागतो.

वेळेवर आलेली टीका काय करू शकते, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण रस्ट या भाषेचं आहे. रस्टची १.० आवृत्ती १५ मे २०१५ रोजी आली. त्याआधीची काही वर्षं ती भाषा सतत मोडली आणि जोडली जात होती. पॉइंटरांसाठी, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणाऱ्या खुणांसाठी, वापरली जाणारी गोंधळात टाकणारी चिन्हं गेली, सुरुवातीची हलक्या थ्रेडांची (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) यंत्रणाही गेली. मग १.० अगदी तोंडावर असताना एक उघड तक्रार आली.

रस्टचं मुख्य वचन असं की तिच्या सुरक्षित कोडमध्ये, मोकळी झालेली मेमरी कोणी चुकूनही वाचणार नाही. एका सोयीत नवा थ्रेड मूळ फंक्शनमधली माहिती उसनी घेऊ शकत असे. फंक्शन संपताना एक ‘पहारेकरी’ वस्तू नष्ट होई, आणि नष्ट होताना ती थ्रेडचं काम उरकेपर्यंत थांबे. तक्रार करणाऱ्याने दाखवलं की दोन वस्तू एकमेकींना धरून राहतील अशी रचना केली, तर त्यांत अडकलेला पहारेकरी कधीच नष्ट होत नाही. मग थांबणंही नाही. मूळ फंक्शन संपतं, त्याची मेमरी जाते आणि थ्रेड मात्र तीच वाचत राहतो. मुख्य वचनच मोडत होतं.

ठरलेली तारीख जवळ आली होती आणि सोय लोकांच्या आवडीची होती. तरीही ती १.० च्या स्थिर भागातून वगळली गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये, १.६३ आवृत्तीत, ती नव्या बांधणीने परतली. आता थ्रेडांचं काम एका बंदिस्त फंक्शनमध्ये द्यायचं, आणि सगळे थ्रेड संपल्याशिवाय बाहेरचं फंक्शन परतत नाही. पहारेकरी वापरणाऱ्याच्या हाती पडतच नाही, त्यामुळे तो हरवण्याचा प्रश्न उरलेला नाही.