रूट कॅनालनंतरची सूज उतरवणारी गोळी : पार्श्वभूमी

रूट कॅनालनंतर एक-दोन दिवस दात ठणकतो, तो बहुतेकदा मुळाच्या टोकाभोवती आलेल्या दाहामुळे. या दाहामागे असलेल्या प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांची निर्मिती ॲस्पिरिनवर्गीय औषधे रोखतात, हे १९७१ मध्ये उलगडले. ॲस्पिरिन मात्र १८९९ पासून आणि आयबुप्रोफेन ब्रिटनमध्ये १९६९ पासून विकले जातच होते.

आपल्याकडचा खरा वाद औषधांचा नसून एकाच गोळीत अनेक औषधे कोंबण्याचा आहे. पुण्यातील पेठांतल्या दवाखान्यांच्या चिठ्ठीवर ‘जेवणानंतर, दिवसातून दोनदा, तीन दिवस’ असे लिहिलेले असते आणि केमिस्ट कात्रीने पट्टी कापून सहा गोळ्या हाती ठेवतो. त्यांत ॲसिक्लोफेनॅक हे ॲस्पिरिनवर्गीय औषध आणि पॅरासिटामॉल यांच्या जोडीला सूज उतरवण्यासाठी दिले जाणारे सेराशिओपेप्टिडेजही सर्रास असते. हे तिसरे औषध परिणाम सिद्ध न झाल्याने जपानमध्ये २०११ मध्ये मागे घेण्यात आले, आपल्याकडे मात्र ते सवयीने टिकले.

मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर एका फटक्यात बंदी घातली. तीत निमेसुलाइड-डायक्लोफेनॅक ही दोन ॲस्पिरिनवर्गीय औषधांची जोडी होती, तसेच ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि जठरातले आम्ल कमी करणारे रॅबेप्राझोल यांचे मिश्रणही होते. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर ही बंदी रद्द केली, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण तज्ज्ञ मंडळाकडे सोपवले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर ती पुन्हा लागू झाली. एकाच वर्गातली दोन औषधे एकत्र दिल्याने आराम फारसा वाढत नाही, जठराला आणि मूत्रपिंडाला होणारा धोका मात्र वाढतो, हे आधीपासून माहीत असताना यात अडीच वर्षे गेली.

आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची जोडी वेगळी, कारण दोघांचे कार्य भिन्न आहे. रूट कॅनालच्या रुग्णांवरील एका चाचणीत एकट्या आयबुप्रोफेनपेक्षा ही जोडी सरस ठरली, पण तेथे मात्रा ६०० आणि १००० मिलिग्रॅमची होती. भारतात यकृताच्या काळजीपोटी २०११ मध्ये मिश्र गोळीतील पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमवर आणण्याचे ठरल्याने तोच परिणाम प्रचलित गोळीकडून गृहीत धरता येत नाही. दोन औषधे वेगळी लिहिली, तर प्रत्येकाची मात्रा दंतवैद्याला ठरवता येते, आणि अल्सर किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णासाठी आयबुप्रोफेन वगळून नुसते पॅरासिटामॉल ठेवता येते.