पोंच्की

पोंच्की (एकवचन : पोंचेक) हा पोलंडमधील गोड तळणीचा पदार्थ. अंड्यांचा बलक व लोणी घालून यीस्टवर फुगवलेल्या मैद्याचे गोळे तळून तो करतात. आत मुरंबा असतो. डोनटसारखे भोक नसते. मिळतो वर्षभर, पण त्याचा मानाचा दिवस म्हणजे चरबीचा गुरुवार. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्याआधीचा हा शेवटचा गुरुवार. घरातली चरबी आणि अंडी उपवासाआधी संपवायची, हा त्यामागचा जुना हिशेब. त्या दिवशी एकही पोंचेक न खाणाऱ्याला पुढे वर्षभर नशीब साथ देत नाही, असे पोलिश लोक निम्म्या थट्टेने म्हणतात. वॉर्सातील मिठाईच्या दुकानांपुढे मात्र खऱ्याच रांगा लागतात.

पदार्थ पूर्वी इतका हलका नव्हता. पोलंडचा राजा तिसरा ऑगस्ट याच्या कारकिर्दीतील (१७३३–६३) चालीरीती टिपणारा धर्मगुरू येंजेय कितोविच लिहितो, की जुना पोंचेक डोळ्यावर बसला तर डोळा काळानिळा व्हावा. नवा मात्र हातात दाबून सोडला की पुन्हा फुगतो, वाऱ्याने ताटातून उडेल इतका हलका. अतिशयोक्ती धरूनही फरक लक्षात येतो.

घरी करताना कोमट दूध, चमचाभर साखर, थोडा मैदा आणि यीस्ट कालवून आधी आंबवण लावतात. दूध कढत असेल तर यीस्ट मरते व पुढची सगळी मेहनत वाया जाते. आंबवण फसफसले की उरलेला मैदा, साखरेबरोबर फेटलेले बलक आणि शेवटी वितळवलेले लोणी घालून पीठ हाताला चिकटेनासे होईपर्यंत मळतात. त्यात चमचाभर कडक मद्यार्कही पडतो. त्याने तळताना चरबी कमी शोषली जाते, असे गृहिणी सांगतात. पीठ दुप्पट झाले की मुरंबा भरून गोळे वळायचे आणि पुन्हा फुगू द्यायचे. हे दुसरे फुगणे घाईने उरकले की गोळा आत गच्च राहतो. परंपरेने आत गुलाबपाकळ्या साखरेत चोळून केलेला, आपल्या गुलकंदाच्या जवळचा मुरंबा घालतात, आलुबुखाराचाही चालतो.

तळण पूर्वी डुकराच्या चरबीत, आता बहुधा तेलात. तापमान साधारण १७५° से. ठेवतात. तेल थंड असले की गोळा तेलकट होतो, फार तापले की बाहेरून करपून आत कच्चा राहतो. नीट फुगलेला गोळा निम्मा तेलावर तरंगतो, म्हणून दोन्ही बाजू तळल्यावर कमरेभोवती फिकट पट्टा उरतो. पारखी नजर आधी तो पट्टा शोधते. वरून पिठीसाखर भुरभुरतात, किंवा साखरेचा पातळ थर देऊन पाकवलेली संत्र्याची साल लावतात. खायचे त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी ते सुकतात.

अमेरिकेत डेट्रॉइटलगतच्या हॅमट्रॅमॅकमध्ये पोलिश स्थलांतरितांनी ही प्रथा नेली. तिथे गुरुवारऐवजी राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, ‘पोंच्की दिन’ साजरा होतो.