तरंगणारं हेलिकॉप्टर आणि उसनं इंजिन

लहान मानवरहित हेलिकॉप्टर बांधायला बसलेला माणूस पाती, गिअरबॉक्स, ऑटोपायलट यांची जुळवाजुळव कशीबशी करतो आणि इंजिनापाशी येऊन अडतो. साठ वर्षांपूर्वीही गाडी तिथंच अडायची.

विमानाचं बरं असतं. एकदा वर गेलं की भार पंख पेलतात, इंजिनाला जरा दम खाता येतो. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत असेल तर इंजिनाला उसंत नाही. जवळपास पूर्ण ताकद सतत द्यायची, तीही समोरून वारा मिळत नसताना. स्कूटर स्टँडवर लावून रेस करत राहिलं की इंजिन कसं तापतं, ते आठवा. मग रेडिएटर बसवा. तो बसवला की वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन उचलायला पुन्हा ताकद हवीच.

अमेरिकी नौदलानं पाणबुड्यांवर टॉर्पेडो टाकण्यासाठी जायरोडाइन कंपनीकडून क्यूएच-५० हे एकावर एक दोन रोटरचं, म्हणजे पात्यांच्या दोन चक्रांचं हेलिकॉप्टर करून घेतलं. डिसेंबर १९६० मध्ये त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यानं वैमानिकाविना युद्धनौकेवर उतरून दाखवलं. त्यात इंजिन होतं पोर्शचं, ७२ अश्वशक्तीचं. पण टॉर्पेडो उचलायचा तर एवढ्यानं भागणार नव्हतं. पुढच्या नमुन्यात अशी दोन इंजिनं जोडून पाहिली आणि शेवटी पिस्टनचा नाद सोडून बोइंगचं छोटं टर्बाइन बसवलं. टर्बाइन वजनाला हलकं, पण महाग आणि इंधन पिणारं. नौदलाच्या तिजोरीला ते परवडलं. शेतकऱ्याला कुठून परवडणार?

शेतकऱ्यासाठी वाट निघाली ती जपानात. भाताची खाचरं लहान, शेजारी घरं, गावात म्हातारी माणसं उरलेली. मोठ्या हेलिकॉप्टरनं तिथं फवारणी करणं अडचणीचं. तिथल्या कृषी खात्याशी संलग्न संस्थेनं १९८३ मध्ये हे काम यामाहाकडे सोपवलं. पहिला नमुना दुहेरी रोटरचा होता, तो बाजूला पडला. १९८७ ची आर-५० मात्र खरोखर शेतावर गेली. तिचं इंजिन पाण्यानं थंड होणारं, टू-स्ट्रोक, अवघं ९८ सीसी, ताकद १२ अश्वशक्ती. लूनाच्या दुप्पट सीसीत २० किलोचा भार उचलणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

टू-स्ट्रोकच का, हे ज्यांनी पंपावर पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालून घेतलं आहे त्यांना फार सांगायला नको. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, तळाशी ऑइलची टाकी नाही आणि क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. किलोमागं ताकद भरपूर. मात्र धूर, आवाज आणि तहान हे सगळं पदरात घ्यावंच लागतं. यामाहाच्याच १९९७ च्या आरमॅक्स हेलिकॉप्टरमध्ये समोरासमोर दोन सिलिंडरचं २४६ सीसी इंजिन आलं, २१ अश्वशक्तीचं. समोरासमोरच्या पिस्टनांचे धक्के एकमेकांना बऱ्याच अंशी रद्द करतात, म्हणून जायरोला (तोल मोजणाऱ्या उपकरणाला) आणि कॅमेऱ्याला कंप कमी पोचतो. २००० साली जपानातला उसू ज्वालामुखी उफाळला तेव्हा माणसाला जाता येत नव्हतं तिथं याच यंत्रानं पाहणी केली. फोर-स्ट्रोक यायला २०१३ चं फेझर उजाडलं.

दुसरा रस्ता वांकेलचा. फेलिक्स वांकेलच्या कल्पनेतलं इंजिन जर्मनीत एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिल्यांदा चाललं. पिस्टनऐवजी इंजिनाच्या कवचात फिरणारा तिकोनी रोटर, त्यामुळे वर-खाली आपटणारं काहीच नाही. मोटारींत ते फारसं रुजलं नाही. रोटरच्या टोकाची सीलं झिजतात आणि पेट्रोल जास्त लागतं. ब्रिटनच्या नॉर्टननं ते मोटरसायकलला लावलं. मोटरसायकली थोड्याच विकल्या गेल्या, पण त्या घराण्यातली इंजिनं ड्रोनवाल्यांनी उचलली. ऑस्ट्रियाच्या कॅमकॉप्टर एस-१०० मधलं ५५ अश्वशक्तीचं रोटरी त्यातलंच, आणि ते २०० किलोचं हेलिकॉप्टर हवेत ठेवतं. नौदलांची तक्रार वेगळी होती. जहाजावर पेट्रोल साठवणं म्हणजे आगीशी खेळ, त्यामुळे पुढे जड इंधनावर (डिझेल, केरोसीनसारख्या) चालणारी इंजिनं शोधावी लागली.

आपल्याकडे ही गोष्ट नगरला येते. लूनाच्या कारखान्याचं हे गाव. इथल्या डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेनं, म्हणजे व्हीआरडीईनं, बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या विमान संशोधन संस्थांबरोबर ५५ अश्वशक्तीचं, सुमारे ३० किलोचं वांकेल इंजिन घडवलं. त्याआधी 'निशांत' या मानवरहित विमानाला आयात इंजिन लागे. ५ एप्रिल २००९ रोजी पहाटे कोलारच्या धावपट्टीवर देशी इंजिन घेऊन 'निशांत' उडालं. पण ते होतं पंखांचं विमान. गाडीवरच्या लाँचरनं फेकायचं, पॅराशूटनं खाली आणायचं. एका जागी तरंगत राहायचं काम त्या इंजिनाच्या वाट्याला आलंच नाही.