कोल्हापूरचे दोन बाबूराव: पेंटर कोण आणि पेंढारकर कोण?

कोल्हापुरात पाहुणे आले की अंबाबाईचं दर्शन झाल्यावर मी त्यांना खरी कॉर्नरला नेतो. तिथं कॅमेऱ्याचा एक स्तंभ आहे. शेजारच्या परिसरात एके काळी महाराष्ट्र फिल्म कंपनी होती, एवढं सांगून मी बाबूराव पेंटरांचं नाव घेतो आणि बहुतेक वेळा समोरून एकच प्रश्न येतो: "म्हणजे 'दो आँखें बारह हाथ'मधले तुरुंगाचे अधीक्षक ना?"

नाही. ते बाबूराव पेंढारकर.

घोळ होण्यासारखं बरंच काही आहे, हे मान्य. दोघंही बाबूराव, दोघांच्याही पुढच्या नावाची सुरुवात 'पें'ने, दोघंही कोल्हापूरचे. दोघांनी एकाच कंपनीत काम केलं आणि दोघांची नावं व्ही. शांतारामांच्या गोष्टीत हटकून येतात. तरी माणसं दोन आणि कामंही दोन. पेंटर कॅमेऱ्याच्या मागचे: दिग्दर्शक, चित्रकार, शिल्पकार, यंत्रांत रमणारे. पेंढारकर प्रामुख्याने कॅमेऱ्यापुढचे, शिवाय कंपनी चालवण्याची जाण असलेले. पेंटरांचा खरा काळ मूकपटांचा, पेंढारकरांचा बोलपटांचा.

आधी नावाचं पाहू. 'पेंटर' हे आडनाव नाही. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे त्यांचं नाव, जन्म ३ जून १८९० चा. वडिलांच्या हातात सुतारकाम, लोहारकाम, रंगकाम अशी सगळी कसबं होती. कलाशाळेची पायरी न चढता मुलगा घरातच शिकला. नात्यातले भाऊ आनंदराव आणि बाबूराव दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी त्यांनी केलेल्या पडद्यांचा लौकिक मोठा होता. राजवाडा, जंगल, रस्ता हे सगळं सपाट कापडावर असं उतरायचं की लांबी-खोली डोळ्यांना जाणवावी. लोक त्यांना कामावरून ओळखू लागले आणि 'पेंटर' हेच नाव झालं. आनंदरावही पेंटरच. त्यामुळे जुन्या मजकुरात नुसतं 'पेंटर' दिसलं, तर आधी साल बघावं. १९१६ पर्यंत ते दोघांपैकी कुणीही असू शकतात, कारण त्या साली आनंदराव गेले.

'पेंढारकर' हे मात्र खरंखुरं आडनाव. दामोदर गोपाळ पेंढारकर, जन्म १८९६, म्हणजे पेंटरांहून सहा वर्षांनी धाकटे. भालजी पेंढारकर त्यांचे धाकटे भाऊ आणि व्ही. शांताराम मावसभाऊ. घरातच इतका सिनेमा असलेला माणूस आणि मेस्त्रीच्या घरातून स्वतःच्या हातांच्या जोरावर वर आलेला माणूस, हा फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता त्या कॅमेऱ्याकडे येतो. पेंटरांची ओळख पटवायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये आला आणि पडदे रंगवणाऱ्या या दोन भावांना त्याचं वेड लागलं. आपणही चित्रपट काढायचा. पण कॅमेरा परदेशातून यायचा आणि त्याला पैसा लागायचा. मग तो आपणच बनवू, असं त्यांनी ठरवलं. हे काम किती अवघड होतं ते आज सहज लक्षात येत नाही. मूव्ही कॅमेरा म्हणजे नुसती भिंग लावलेली पेटी नाही. फिल्मच्या कडेला भोकं असतात, एका चित्रचौकटीला दोन्ही बाजूंनी चार-चार. त्या भोकांत आकडे अडकवून फिल्म बरोबर एका चौकटीइतकी खाली ओढायची, क्षणभर अगदी स्थिर ठेवायची, तेवढ्यात प्रकाश आत घ्यायचा, झडप बंद करायची आणि अंधारात पुढची चौकट ओढायची. हे सगळं हाताने दांडा फिरवत, सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा. एक दाता जरा झिजला तर पडद्यावर माणसं थरथरतात. झडप जरा उशिरा मिटली तर चेहऱ्यांवर ओघळ उठतात. कोल्हापुरात हे शिकवायला कुणी नव्हतं. यंत्र बघायचं, खोलायचं, पुन्हा जोडायचं आणि कानशीने घासत राहायचं, हीच शाळा.

आनंदराव अर्ध्यावर गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. यंत्रकामात अतिशय हुशार असलेले विष्णुपंत दामले त्यांच्या जोडीला होते आणि १९१८ मध्ये देशी बनावटीचा कॅमेरा चालू झाला. खरी कॉर्नरचा स्तंभ त्या कॅमेऱ्याच्या आकाराचा आहे तो यासाठी.

बाबूरावांनी काढलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा स्थापना दिवस १ डिसेंबरला पाळतात. भांडवलासाठी तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले. त्यांचं नाव मला मुद्दाम घ्यायचं आहे, कारण दिग्दर्शकाच्या चरित्रात पैसे देणारी बाई तळटीपेत जाते आणि तिच्यावाचून पहिलं चित्र निघालंच नसतं.

हे पहिलं चित्र 'सैरंध्री'. ७ फेब्रुवारी १९२० ला ते पुण्याच्या आर्यन थिएटरात लागलं. कथा महाभारतातली: अज्ञातवासातली द्रौपदी, तिच्यामागे लागलेला कीचक आणि भीमाने केलेला त्याचा वध. मराठी माणसाला या कथेचा दुसरा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकात लोकांनी लॉर्ड कर्झनला पाहिलं होतं आणि सरकारने ते नाटक बंद पाडलं होतं. पेंटरांच्या चित्रात झुंजारराव पवारांचा कीचक आणि बाळासाहेब यादवांचा भीम होता. वधाचं दृश्य इतकं खरं उतरलं की प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरने ते कापायला लावलं. लोकमान्यांनी चित्र पाहिलं आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं.

'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांनी केली. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघी, पुढे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी ओळखल्या गेलेल्या. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती, त्याला जेमतेम सात वर्षं झाली होती. या दोघींना त्यांच्या समाजाने वाळीत टाकलं आणि कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला.

दोन्ही बाबूराव एका ठिकाणी भेटतात तेही याच सुमारास. पेंढारकर महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्यवस्थापनाचं काम बघत होते. त्यांचा मावसभाऊ शांताराम गंधर्व नाटक मंडळीतून बाहेर पडून, हुबळीत मिळेल ते काम करून, १९२० मध्ये कोल्हापुरात आला होता. पेंढारकरांनी त्याला पेंटरांकडे नेलं. पुढे भारतभर नाव झालेला दिग्दर्शक असा एका बाबूरावांच्या ओळखीने दुसऱ्या बाबूरावांच्या हाताखाली शिकायला लागला. झाडलोट, सामान उचलणं, रंग देणं, फिल्म धुणं अशी सगळी कामं तिथं करावी लागत. पेंटरांकडे शिकायचं म्हणजे सगळंच शिकायचं.

त्यांची पद्धत चित्रकाराची होती. चित्रीकरणाआधी ते पात्रांची आणि पोशाखांची रेखाटनं करत. रंगवलेल्या पडद्यांवर हात बसलेला हा माणूस, पण सिनेमात त्याने सपाट पडदा टाकून उभे, खोली असलेले देखावे बांधले. मला हा त्यांचा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. ज्या कौशल्यावर नाव कमावलं तेच बाजूला ठेवायला फार मोठं मन लागतं. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. बाकी बहुतेक ठिकाणी अजून सूर्याच्या मर्जीवर चित्रीकरण चालायचं. त्या चित्रात शेलारमामा झाले होते शांताराम. चित्रांची भित्तिपत्रकंही पेंटर स्वतःच रंगवत.

'सिंहगड'पाशी आणखी एक घोळ होतो. या नावाचे दोन चित्रपट आहेत. १९२३ चा मूकपट पेंटरांचा. १९३३ चा बोलपट प्रभात फिल्म कंपनीचा, शांतारामांनी दिग्दर्शित केलेला आणि त्यात बाबूराव पेंढारकरांची भूमिका आहे. म्हणजे "सिंहगड, बाबूराव" एवढंच लिहिलं तर ते दोन्ही अर्थांनी बरोबर ठरतं! साल बघितल्याशिवाय माणूस कळत नाही.

'सावकारी पाश'चंही तसंच. ना. ह. आपट्यांच्या कथेवर पेंटरांनी १९२५ मध्ये मूकपट केला. १९३६ मध्ये त्यांनीच पुन्हा तो बोलपट म्हणून काढला. पहिल्यात तरुण शेतकऱ्याचं काम शांतारामांनी केलं. देवदेवता आणि किल्ले यांची चलती असताना पेंटरांनी कर्जात बुडालेला, जमीन गमावलेला, शहरात गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिलेला शेतकरी पडद्यावर आणला. काळोखातली एक खिन्न झोपडी आणि रडणारं कुत्रं, हे त्यातलं दृश्य पाहणारे आयुष्यभर विसरले नाहीत. चित्र मुकं होतं. कुत्र्याचं रडणं त्यांनी अंधारातून आणि झोपडीच्या आकारातून ऐकवलं. आवाज नसताना आवाज दाखवण्याची ही ताकद त्यांच्याकडे होती, म्हणून मी त्यांना मूकपटाचा माणूस म्हणतो.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन त्यांनी प्रभात काढली. गुरूच्या घरातली हुशार मुलं एकदमच गेली. दोन वर्षांत सिनेमा बोलू लागला. पेंटरांनी शालिनी सिनेटोनसाठी १९३५ मध्ये 'उषा' केला, पाठोपाठ 'सावकारी पाश'चा बोलपट केला, पण मूकपटांतली ती पकड पुन्हा दिसली नाही. अधूनमधून ते चित्रपट करत राहिले, तरी मन चित्रकलेकडे आणि शिल्पाकडे वळलं होतं. १९४७ चा 'लोकशाहीर राम जोशी' त्यांनी सुरू केला आणि शांतारामांनी पुरा केला.

बोलपट आला आणि पेंढारकरांचा काळ उघडला. पेंटरांना जिथं अडचण झाली तिथं पेंढारकरांना संधी मिळाली, कारण त्यांच्याजवळ आवाज होता, करडा चेहरा होता आणि डोळ्यांत जरब होती. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये त्यांचा गंगानाथ पाहा. तारामतीला विकत घेणारा तो माणूस अंगावर येतो. १९३६ मध्ये मास्टर विनायक आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासोबत त्यांनी हंस पिक्चर्स काढली आणि वि. स. खांडेकरांच्या कथेवरचा 'छाया' आला. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'दो आँखें बारह हाथ' अशी चित्रं पुढे येत गेली. १९५४ मध्ये अत्र्यांच्या 'महात्मा फुले'मध्ये खलनायक म्हणून गाजलेला हा नट जोतिराव झाला. त्याच वर्षी १६ जानेवारीला बाबूराव पेंटर गेले. पेंढारकर १९६७ पर्यंत होते.

दोघांत गल्लत होते ती नुसत्या नावांच्या सारखेपणामुळे नाही, असं मला वाटतं. पेंढारकरांचा चेहरा आणि आवाज आपल्याजवळ उरला आहे. 'अयोध्येचा राजा' आजही बघता येतो. पेंटरांचे 'सैरंध्री', १९२३ चा 'सिंहगड' आणि १९२५ चा 'सावकारी पाश' मात्र बघता येत नाहीत. त्या काळची नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेते आणि पेटली नाही तरी डब्यात चिकट होऊन तिची भुकटी होते. दिग्दर्शकाचं चित्र गेलं की त्याच्याबद्दल फक्त ऐकायचं उरतं, आणि ऐकलेलं नाव पाहिलेल्या चेहऱ्याला जाऊन चिकटतं.

म्हणून पाहुण्यांना मी हल्ली खरी कॉर्नरला उभं करून आधी कॅमेऱ्याकडे बोट दाखवतो. हा बनवला ते पेंटर. यांच्यासमोर शांतारामला आणून उभा केला ते पेंढारकर. मग घरी आल्यावर 'अयोध्येचा राजा' लावतो आणि गंगानाथ आला की थांबवून सांगतो, हे ते दुसरे.