पांढरी काळीत उतरते तेव्हा

वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी, ही विभागणी आपल्या गावांत जुनी आहे. पांढरी सहसा उंचवट्यावर असते. तिथे पावसाचे पाणी साचत नाही आणि भिंतीला पक्का पाया मिळतो. आता विदर्भातल्या तालुक्याच्या गावांभोवती पांढरी काळीत उतरू लागली आहे. धुरे मोडून भूखंडांचे ले-आउट पडतात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात सिमेंटचे खुंट उभे राहतात आणि लोक म्हणतात, गाव वाढले. ते खरेच वाढले की नुसते पसरले, हे मोजता येते.

मोजायचे दोन वेग: बांधकामाखालची जमीन वर्षाला किती टक्क्यांनी वाढली आणि माणसे किती टक्क्यांनी वाढली. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत शहरांसाठी हाच निर्देशांक आहे, क्रमांक ११.३.१. समजा, एका गावाची वस्ती १० वर्षांत २ चौरस किलोमीटरवरून ३.२ वर गेली आणि लोकसंख्या ३० हजारांवरून ३३ हजारांवर. जमिनीचा वेग वर्षाला ६ टक्के, माणसांचा जेमतेम १ टक्का, म्हणजे गुणोत्तर ६ च्या वर. माणशी जमीन ६७ चौरस मीटर होती, ती ९७ झाली. गुणोत्तर १ च्या आसपास असेल तर जमीन आणि माणसे बरोबरीने वाढली. त्याच्या जितके वर, तितका पसारा.

जमिनीचा आकडा उपग्रहाच्या चित्रांतून काढता येतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे फुकट मिळतात आणि क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअरही फुकट आहे. या चित्रांतल्या लाल आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांचा एक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर, सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर. ठिपके मोजले की आर मोजले.

खरी अडचण पुढे आहे. मे महिन्याचे चित्र घेतले तर नांगरलेले उघडे वावर आणि सिमेंटचे छत वेगळे काढणे जड जाते. लाल आणि अवरक्त पट्ट्यांवरून हिरवाईचा निर्देशांक (एनडीव्हीआय) काढतात, त्यात दोघांचे आकडे जवळजवळ येतात आणि निम्मा तालुका शहर दिसू लागतो. मग ऑक्टोबरचे चित्र घ्यावे म्हटले, तर तोवर सोयाबीन निघालेले असते आणि ते वावर पुन्हा उघडे पडलेले असते. म्हणून कोणत्याही एका चित्रावर विसंबू नका. ऑगस्ट ते डिसेंबरमधली जितकी निरभ्र चित्रे मिळतील तितकी घ्या आणि प्रत्येक ठिपक्याची त्या काळातली सर्वाधिक हिरवाई उचला. पिकाचे वावर कधी ना कधी हिरवे होतेच, छत होत नाही. हिरवाईच्या निर्देशांकाची सीमारेषा ०.२५ च्या आसपास धरून, त्याखालचे ठिपके बांधकाम मानून सुरुवात करा आणि ओळखीच्या जागा पाहून ती वरखाली करा. मुरमाची खदान, नदीची वाळू आणि उघडा खडक हाताने वगळावे लागतात. उलट, कडुनिंबाखाली झाकलेली जुनी घरे हिरवी दिसतात, ती हाताने धरावी लागतात.

२००१ ची स्थिती हवी असेल तर लँडसॅट-५ या जुन्या अमेरिकी उपग्रहाची चित्रे आहेत, पण त्यांचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे ९ आरांचा. त्यात वावरातले सुटे घर हरवते. जुने चित्र ९ आरांचे आणि नवे एका आराचे घेऊन वजाबाकी केली, तर न झालेली वाढही झालेली दिसेल. नवे चित्र आधी ३० मीटरवर आणा, मगच तुलना करा.

माणसांचा आकडा त्याहून अवघड. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मतदार यादीवरून अंदाज बांधता येतो, पण पुण्याला कामाला गेलेली मुले आपले नाव गावातच ठेवतात. आणखी एक चूक फार होते: जमीन मोजताना नगर परिषदेच्या हद्दीबाहेरचे ले-आउट धरले जातात, लोकसंख्या मात्र हद्दीच्या आतलीच घेतली जाते. शेजारच्या ग्रामपंचायतींत राहणारी ती माणसेही धरलीच पाहिजेत.

या पद्धतीत रिकामा ले-आउट मात्र निसटतो. भूखंड विकले गेले, मालक बाहेरगावी, घर एकही नाही. पावसाळ्यात तिथे गाजर गवत माजते आणि उपग्रहाला ते शेतच वाटते. पण ती जमीन पिकातून गेलेलीच असते. त्यामुळे असे भूखंड वेगळे मोजायला हवेत. गुगल अर्थवर मुरमाच्या रस्त्यांची जाळी स्पष्ट दिसते. ती आखून घ्या, मग जागेवर जाऊन शंभर भूखंडांमागे घरे किती, हे मोजा. आमच्या मते तालुक्याच्या गावांसाठी हाच आकडा सर्वांत बोलका आहे. शंभरात वीस घरे असली तरी नळाची वाहिनी शंभरांपुढून न्यावी लागते. जाड नळात थोडे पाणी रेंगाळते, क्लोरिन उडून जाते आणि शेवटच्या घरी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम ही किमान मात्राही टिकत नाही.

नळ पोचलाच नाही तर बोअर. ३० बाय ५० फुटांच्या भूखंडाची लांबी साधारण १५ मीटर. पिण्याच्या पाण्यापासून संडासाचा शोषखड्डा किमान १५ मीटर दूर असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. आपला खड्डा एका टोकाला आणि बोअर दुसऱ्या टोकाला घेतले, तरी त्याच बोअरला पलीकडच्या शेजाऱ्याचा खड्डा लागून असतो. पश्चिम विदर्भात बहुतेक ठिकाणी खाली बेसाल्ट खडक. त्यातले पाणी भेगांतून वाहते, गाळले जात नाही. वर काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि खड्ड्यातले पाणी जिरेनासे होऊन अंगणात येते. खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावतीकडच्या पूर्णेच्या गाळाच्या जमिनीत, बोअरचा आधारही नाही. तिथे मुळातच खारे पाणी लागते.

पावसाचेही गणित करून पाहा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर एका एकरावर ४ लाख लिटर पाणी पडते, म्हणजे ५ हजार लिटरचे ८० टँकर. वावरात त्यातला काही भाग मुरायचा, उरलेला पांदणीच्या कडेने नाल्याला लागायचा. ले-आउटमध्ये मुरणे घटते आणि पांदण तर बुजवलेली असते. म्हणून मोजणीच्या नकाशावर जुने नाले आणि पांदणी आधी काढून घ्या, त्यावर नवे बांधकाम ठेवा. दोन्ही जिथे एकमेकांवर येतात, त्या ठिकाणी पावसाळ्यात पाणी घरात शिरणार, हे नकाशावरच दिसते.